तीन थरांचा सिलिकॉन पॅड: फ्लॅपच्या सरावाला कितपत चालतो?

सर्जरीच्या रेसिडेंटांच्या खोल्यांत टाके घालण्याच्या सरावाचं हे किट हल्ली सर्रास दिसतं. कातडी, चरबी आणि स्नायू असे तीन थर चिकटवलेला सिलिकॉन पॅड, नीडल होल्डर (सुई धरायचं हत्यार), ॲडसन (बारीक टोकाचा चिमटा), कात्री, ब्लेड आणि दोऱ्याची पाकिटं. टाके शिकायला ते बरं आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न लोकल फ्लॅपचा आहे, म्हणजे जखमेशेजारची कातडी सरकवून किंवा फिरवून जखम झाकण्याचा. त्यासाठी आमचं मत: आखणी शिकायला उत्तम, ताण कळायला जवळजवळ निकामी.

घेताना जखमा आधीच कापून दिलेला पॅड घेऊ नका. फ्लॅपला अखंड जागा लागते. २ सेंटिमीटर बाजूचा एक लिंबर्ग (समभुज चौकोनी जखम झाकणारा फ्लॅप) आखला तरी आजूबाजूची पाच-सहा सेंटिमीटर जागा खर्ची पडते. १५ बाय १० सेंटिमीटरच्या पॅडवर असे चारेक बसतात. कमानीत कापून फिरवायचा रोटेशन फ्लॅप मात्र एकच. जखमेचा तळ ३ सेंटिमीटरचा असेल, तर कमान त्याच्या तीन-चार पट, म्हणजे ९ ते १२ सेंटिमीटर लागते. आणि पॅड वाया घालवण्याआधी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातली कंपासपेटी आणि बोहरी आळीतला फोमचा तुकडा यांवर दोन दिवस हात बसवावा. भूमिती तिथंच पक्की होते, आणि तीही फुकटात म्हणावी इतक्या पैशात.

आता जाळी. वरच्या थरात जाळी असलेला पॅड टाका फाडत नाही, म्हणून तोच चांगला असं दुकानदार सांगतो. खरं आहे. पण त्याच जाळीमुळे थर ताणला जात नाही. झेड-प्लास्टी (Z आकारात कापून दोन त्रिकोणांची अदलाबदल) करून पाहा: मधली रेघ २ सेंटिमीटर, दोन्ही हात तेवढेच, कोन ६० अंशांचे. कागदावर लांबी ७५ टक्के वाढायला हवी (४५ अंशांना ५०, ३० अंशांना २५). पॅडवर त्रिकोण जागा बदलतात, पण बाजूची कातडी आत येत नाही आणि पायथ्याशी फुगवटे उठतात. नवख्याला वाटतं आपली आखणी चुकली. चुकलेली नसते. बिनजाळीचा पॅड थोडा ताणतो, पण तिसऱ्या गाठीला दोरा कातरत बाहेर येतो. यात मधला मार्ग नाही.

एक गोष्ट मात्र पॅड झकास दाखवतो: ब्लेडचा कल. १५ नंबरचं ब्लेड तिरकं धरलं की टोकाशी फ्लॅप पातळ होतो. पॅडचे थर वेगवेगळ्या रंगांचे असल्यामुळे कापलेली कड आडवी धरली की हे लगेच दिसतं. ऑपरेशन थिएटरात रक्तात ते दिसत नाही, आणि टोक काळं पडण्याचं ते एक साधं कारण असतं.

लिंबर्ग पायलोनिडल सायनसमुळे (माकडहाडाजवळ होणारी केसांची नाळ) जनरल सर्जरीवाल्यांच्याही रोजच्या कामाचा. समभुज चौकोन ६० आणि १२० अंशांचा. आखूड कर्ण एका बाजूइतका पुढे वाढवायचा, आणि तिथून चौकोनाच्या बाजूशी समांतर रेघ. सगळ्यांत जास्त ताण डोनर जागा (जिथून फ्लॅप उचलला ती) मिटते तिथं येतो, म्हणून पहिला टाका तिथं. खऱ्या कातडीवर आजूबाजू मोकळी केली की हा टाका अलगद बसतो. पॅडवर सिलिकॉन हलत नाही, पॅडच वळकटीसारखा वर येतो. मग शिकणारा जाड दोरा घेतो आणि गाठ आवळतो. हीच सवय पेशंटवर गेली, तर कड पांढरी पडते आणि चार दिवसांनी टाका मांसात रुतलेला सापडतो.

कातडी खालच्या थरापासून मोकळी करण्याची पातळीही फसवी. चिकटवलेला थर बोटानं सोलून निघतो. पेशंटच्या पाठीवर असं काही आपोआप सुटत नाही. लांबी-रुंदीच्या गुणोत्तराचा हिशेब पॅडवर कितीही करा, मिल्टन या संशोधकानं १९७० सालीच दाखवलंय की पाया नुसता रुंद केल्यानं फ्लॅप जास्त लांबीपर्यंत जगत नाही. पायथ्यातून कोणती रक्तवाहिनी आत येते ते महत्त्वाचं. सिलिकॉन निळंही पडत नाही आणि पांढरंही. शिरेची अडचण असेल तर फ्लॅप निळसर होतो आणि दाबून सोडल्यावर रंग झटकन परततो. धमनीची असेल तर फिका पडतो आणि रंग परततच नाही. हे वॉर्डातच शिकायचं.

किटमधली हत्यारं यथातथाच. नीडल होल्डर ३-० ची सुई धरतो, ५-० ची त्यात गरगर फिरते (शून्याआधीचा आकडा मोठा, तितका दोरा बारीक). किटमधला सिल्कचा दोरा फ्लॅपसाठी जाड. मुदत संपलेलं ४-० नायलॉन, रिव्हर्स कटिंग (वळणाच्या बाहेरच्या कडेला धार असलेल्या) सुईचं, सर्जिकलच्या दुकानात मागितलं तर मिळतं. स्किन हूक (कातडीची कड उचलायचा आकडा) नसतोच. २४ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईचं टोक होल्डरनं वाकवून तो करता येतो, फक्त हातमोजे घाला. ॲडसननं टोक चिमटण्याची सवय त्यामुळे सुटते. टोकाचा टाका अर्धा गाडलेला: सुई फ्लॅपबाहेरच्या बाजूनं आत, टोकाच्या डर्मिसमधून (कातडीच्या आतल्या थरातून) आडवी, पुन्हा बाहेरच्या बाजूनं वर. गाठ फ्लॅपवर येता कामा नये. जाळीचा थर इथं डर्मिस समजून चालतो.

किटमध्ये फ्लॅपचं माप घ्यायच्या साच्याचा उल्लेख नाही, याचं पुण्यात तरी नवल वाटावं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये नाक कापलेल्या कावसजीला कपाळाच्या कातडीतून नवं नाक केल्याची जी हकीकत छापली, ते काम पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या माणसाच्या हातचं. मेणाची पातळ चकती नाकावर बसवायची, सपाट करायची, कपाळावर ठेवून कडेनं रेघ मारायची, आणि भुवयांमध्ये कातडीची चिंचोळी पट्टी न कापता ठेवायची. आज दोऱ्याच्या पाकिटातली चमकदार पन्नी तेच काम करते. ती फेकू नका.

ताणासाठी डुकराच्या पोटाची कातडी घ्यावी. कॅम्पात विचारणा करून आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. मटणाच्या दुकानात कातडी सोलून गेलेली असते. कोंबडीची मांडी 'कातडीसकट द्या' म्हणून घेतली, तर टोकाच्या टाक्याला आणि हलक्या हाताला पुरते, चिमटा जोरात लागला की फाटतेच. ही हत्यारं वेगळी ठेवा, आणि मेसच्या फ्रीजवर डोळा ठेवू नका.

पूर्ण किट घेण्यापेक्षा नुसता सपाट, जाळीचा पॅड घेतलेला बरा. होल्डर वेगळा, चांगला घ्या. पॅड चिकट झाला की टाल्कम लावा. फ्लॅपची जागा संपली की उरलेल्या कडांवर सबक्युटिक्युलर (बाहेरून न दिसणारे, कातडीच्या आतून जाणारे) टाके घाला.