पॉन्टून बोटीचे पोचे काढून देतो म्हणून आम्हाला फसवलं, प्लीज वाचा

आम्ही अटलांटाच्या वर कमिंगला राहतो, लेक लेनिअर जवळच आहे. तिघा मित्रांनी मिळून चार वर्षांपूर्वी एक जुनी २२ फुटी पॉन्टून बोट घेतली, म्हणजे खाली पोकळ ट्यूब आणि त्यावर सपाट डेक असते ती. मे महिन्यात एका रात्री वादळात दोरी सैल झाली आणि बोट डॉकच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटत राहिली. खालच्या ट्यूबना काही झालं नाही पण डाव्या बाजूच्या दोन पॅनेलना पोचे आले, एक तर परातीएवढा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, डेकभोवती जो कठडा असतो ना ती चौकोनी पाइपची फ्रेम असते आणि तिच्यात रंगवलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, म्हणजे पॅनेल, रिव्हेट मारून बसवलेला असतो. आपल्याकडे जर्मनच्या पातेल्याला पोचा आला की आतून ठोकून काढला तरी पत्रा ताणलेला असतो, तिथे सुरकुती राहतेच, तसंच इथे. मोठा पोचा असेल तर रिव्हेट ड्रिलने उडवून पत्राच बदलायचा. मरीनाच्या (जिथे बोटी ठेवतात आणि दुरुस्त करतात) माणसाने हेच सांगितलं होतं, १८०० डॉलर आणि कंपनीकडून पॅनेल यायला सहा आठवडे.

सहा आठवडे म्हणजे अर्धा सीझन गेला, मुलांनी तोंड पाडलं, आणि तिथेच मी घाई केली. ऑनलाइन जाहिरात बघून एका मोबाइल डेंटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला माझ्याकडे याच रंगाचे पॅनेल आहेत, दोन दिवसांत नवीन बसवून देतो, ९०० डॉलर, अर्धे आधी. मी झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) ४५० पाठवले. ना बिल, ना पत्ता, नुसतं पहिलं नाव आणि फोन नंबर. मी ऑफिसमध्ये असताना तो काम करून गेला, संध्याकाळी फोटो पाठवला, पॅनेल आरशासारखं चमकत होतं, मी लगेच उरलेले ४५० पण पाठवून मोकळा झालो.

जुलैत पहिल्यांदा बोट काढली, कडक ऊन, पॅनेल गडद निळं असल्यामुळे हात लावला तर चटका बसत होता. बायको म्हणाली, "अहो, इकडे या, हे काय झालंय?" रंगाला केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या. नखाने जरा खरवडलं तर अख्खी खपली हातात आली, आत गुलाबी पुट्टी, जवळजवळ बोटाच्या पेराएवढी जाड. म्हणजे पॅनेल बदललंच नव्हतं. पोच्यात ड्रिलने भोकं पाडून पत्रा बाहेर ओढलेला, वर पुट्टी थापलेली आणि स्प्रेच्या डब्याने रंग. हा पत्रा लाटेबरोबर सतत थरथरतो, त्यावर एवढी जाड पुट्टी कशी टिकणार? आणि कडेचे जे रिव्हेट उखडले होते तिथे याने नवीन मारले ते स्टीलचे, खाली तपकिरी ओघळ आले होते. फ्रिजवरचं मॅग्नेट आणून लावलं तर टपकन चिकटलं. ॲल्युमिनियममध्ये साधं स्टील मारलं आणि पाणी लागलं की गंज तर येतोच आणि शेजारचं ॲल्युमिनियमही खायला लागतं. मरीनावाला म्हणाला आता फ्रेमचा एक पाइपसुद्धा बदलावा लागेल, २६०० डॉलर.

त्या डेंटवाल्याचा फोन बंद. बँक म्हणते झेलचे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत येणार नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान डिस्प्यूट तरी टाकता आला असता. इथे मॅजिस्ट्रेट कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, १५,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण समन्स कोणाच्या पत्त्यावर पाठवणार? तिघांचे पैसे होते हो, मित्र एका शब्दाने बोलले नाहीत त्याचंच जास्त वाईट वाटतं.

कोणी पॅनेल "बदलून" देतो म्हणाला तर आधी तो बोटीचा हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, विचारतो का बघा, मागे उजव्या बाजूला १२ अक्षर-आकड्यांचा असतो, त्यावरून कंपनी नेमका रंग आणि साइज सांगते. आमच्याने विचारलाच नव्हता. आणि जुना पत्रा हातात मिळाल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

परवा त्याची जाहिरात परत दिसली, नंबर वेगळा, आणि कामाचा नमुना म्हणून आमच्याच बोटीचा तो संध्याकाळचा फोटो लावलाय. निळं पॅनेल, मागे कठड्यावर माझ्या मुलीचं पिवळं लाइफ जॅकेट वाळत घातलेलं. तो फोटो दिसला तर त्याला फोन करू नका.