लिथॉप्स घ्यायचं की हॉवर्थिया? आधी घरातली खिडकी बघा

नर्सरीत ही दोन्ही सक्युलंट, म्हणजे पानांत पाणी साठवणारी छोटी रोपं, शेजारी-शेजारी मांडलेली असतात, त्यामुळे निगाही एकसारखीच असेल असं वाटतं. मूळ दोघांचंही आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचं. लिथॉप्स म्हणजे लिव्हिंग स्टोन, तिथल्या खडकाळ माळावर गारगोट्यांत मिसळून जाणारं. जाड पानांच्या जोडीचा फक्त माथा जमिनीच्या वर असतो आणि त्यातल्या अर्धपारदर्शक भागातून ऊन आत उतरतं. काही हॉवर्थियांच्या पानाच्या टोकालाही अशीच खिडकी असते. पण मुंबईच्या फ्लॅटमध्ये दोघांचं नशीब फार वेगळं निघतं.

पहिला प्रश्न उन्हाचा. लिथॉप्सला रोज चार-पाच तास थेट ऊन हवं. ते कमी पडलं की पानांची बुटकी जोडी वर ताणली जाते, रंग फिका पडतो, आणि ताणलेली पानं पुन्हा बसकी होत नाहीत. पूर्वेची मोकळी खिडकी असेल तर उत्तम. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन खोलवर येतं, नेमकं नवी पानं घडत असतात तेव्हा. पश्चिमेला एप्रिल-मेचं दुपारचं ऊन काचेआडून भाजून काढतं, तिथे पातळ पडदा लागतो. समोर दुसरी इमारत अंगावर आली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: हॉवर्थिया घ्या. तिला नुसता भरपूर उजेड पुरतो. कडक उन्हात उलट तीच तांबूस पडते.

दुसरा प्रश्न पावसाळ्याचा, आणि इथेच बहुतेक लिथॉप्स जातात. जून ते सप्टेंबर ढगाळ उजेड आणि दमट हवा, त्यामुळे कुंडी दिवसेंदिवस सुकत नाही. या महिन्यांत पाणी जवळपास बंदच ठेवावं, कुंडी ग्रिलच्या आत घ्यावी आणि पंख्याचा वारा लागू द्यावा. नर्सरीतल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ते तसंच ठेवू नका. जाडी वाळू, परलाइट (हलके पांढरे खडे), विटांचे बारीक तुकडे असं तीन-चतुर्थांश तरी खडेमिश्रण हवं, आणि सोटमूळ खोल जात असल्याने कुंडी चार इंच तरी खोल. हॉवर्थियालाही पाणी साचलेलं चालत नाही, पण तिला पाणी थोडं जास्त झालं तरी ती बहुधा सावरते.

पाण्याचं वेळापत्रक हा लिथॉप्सचा खरा अभ्यास, आणि मला तरी त्याचा खरा आनंद. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी द्या; वयात आलेल्या रोपाला याच सुमारास मधल्या फटीतून पिवळं किंवा पांढरं फूल येतं, बहुधा दुपारनंतर उमलतं. मग फट रुंदावते आणि आत नवी जोडी दिसते, जुनीला काटकोनात. आता जुनी पानं सुरकुततात, मऊ पडतात, बघणाऱ्याला रोप तहानलेलं वाटतं. तेव्हा हात आवरायचा! नवी जोडी जुनीतलंच पाणी शोषून वाढते. वरून पाणी दिलंत तर जुनी पानं टवटवीत राहतात आणि नवीला अडवतात. जुनी कागदासारखी वाळली की पुन्हा पाणी सुरू. भर उन्हाळ्यात कडा फारच आक्रसल्या तर संध्याकाळी एखादा घोट, बस.

हॉवर्थियाचं सोपं आहे. माती पूर्ण सुकली की पाणी द्या, पानांच्या बेचक्यात साचू देऊ नका, पांढऱ्या मिलीबगवर, म्हणजे कापसासारख्या दिसणाऱ्या किडीवर, लक्ष ठेवा. बुडाशी पिल्लं येतात, ती वेगळी करून शेजाऱ्यांना देता येतात. लिथॉप्स मात्र दरवर्षी बहुधा एका जोडीच्या जागी एकच जोडी देतं.

ज्यांना रोज झाडाला पाणी घातल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी लिथॉप्सच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना उन्हाची खिडकी आहे आणि बघत राहायला आवडतं, त्यांनी जरूर घ्यावं, पण पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. घेताना पानांच्या बाजू हलकेच दाबून बघा, टणक हव्यात. बुडाशी पाणीदार, तपकिरी मऊपणा असेल तर ते रोप तिथेच ठेवा. ऑनलाइन निळ्या फोटोंची बियाण्याची पाकिटं दिसतात, तो रंग लिथॉप्सचा नाही. खरे रंग बहुधा राखाडी, तपकिरी, हिरवट, विटकरी.