जुन्या लढाऊ विमानांचे भाग आणि सोलापुरातलं जॉबवर्क: कोणतं काम कुणाकडे द्यावं

लष्करी विमानाचा जुना भाग लिलावातून किंवा भंगारातून हाती आला, की तो मूळ रूपात आणायला लागणारं जवळपास प्रत्येक काम सोलापुरात होतं. लेथ आहे, ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून पृष्ठभाग साफ करणं) आहे, ॲनोडायझिंग (ॲसिडमध्ये वीज सोडून ॲल्युमिनियमवर संरक्षक थर आणणं) आणि पावडर कोटिंग (रंगाची पूड भट्टीत भाजून बसवणं) आहे, स्क्रीन प्रिंटिंगची तर कमीच नाही. पण ही सगळी कामं यंत्रमाग, साखर कारखाने आणि गाड्यांवर वाढलेली आहेत, म्हणजे मुख्यतः लोखंडावर. विमानाचा भाग बहुतेक वेळा लोखंडाचा नसतो. म्हणून मत आधीच सांगून टाकतो: इथलं लेथचं काम उत्तम, छपाई चांगली, आणि पृष्ठभागावरची कामं मात्र समोर उभं राहून, समजावून करून घेतली तरच ठीक. नुसता भाग टेकवून आलात तर तो कायमचा जाऊ शकतो. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी या दोन्ही एमआयडीसींना हे लागू आहे. दुकानांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मशीनवरचा माणूस बदलला की त्याच दुकानातलं काम बदलतं.

भारतात संग्राहकांच्या हाती येणारे भाग ढोबळमानाने दोन घराण्यांतले असतात. एक सोव्हिएत: 26 सप्टेंबर 2025 ला हवाई दलातून निवृत्त झालेलं मिग-21, जे आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या हॅल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यातही बनत होतं. दुसरं ब्रिटिश: हंटर आणि नॅट ही लढाऊ विमानं आणि नॅटवरून हॅलने घडवलेलं अजीत. हा फरक रंगापासून स्क्रूच्या आट्यांपर्यंत सगळीकडे आडवा येतो, त्यामुळे भाग कोणत्या घराण्यातला आहे हे दुकानात जाण्याआधी ठरवा.

त्याहून आधी धातू ओळखा. चुंबक लावून फक्त पोलाद वेगळं पडतं, आणि स्टेनलेसच्या काही जाती तेही दाखवत नाहीत. खात्रीचा उपाय वजनाचा आहे. भाग कोरडा तोला, मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोला, आणि कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा. उत्तर 2.7 ते 2.8 आलं तर ॲल्युमिनियम, 1.8 च्या आसपास आलं तर मॅग्नेशियम, 4.5 च्या जवळ टायटॅनियम, 7.8 ला पोलाद, आणि 8 च्या वर गेलं तर निकेलचं मिश्रधातू, पितळ किंवा तांबं. आत हवा अडकू देऊ नका, नाहीतर आकडा खाली येतो. मॅग्नेशियमची शंका असेल तर आतल्या बाजूला थोडं खरवडून व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर येत नाहीत. थेंब लगेच पुसून घ्या.

ही तपासणी टाळायची नाही, कारण 1950–60 च्या काळातल्या विमानांची चाकं, गिअरबॉक्सची आवरणं आणि बरीच ब्रॅकेट मॅग्नेशियमच्या ओतकामातली आहेत. असा भाग कुठल्याही ब्लास्टिंगवाल्याला देऊ नये. त्याची धूळ पेट घेते, आणि लोखंडाच्या गंजाची धूळ असलेल्या कॅबिनेटमध्ये तर धोका आणखी वाढतो. पेटल्यावर पाणी मारलं तर आग भडकते, कोरडी वाळूच लागते. गंज काढायची फॉस्फरिक ॲसिडची द्रावणंही मॅग्नेशियमला झपाट्याने खातात. रंग काढायला अल्कली, म्हणजे कॉस्टिकसारखं क्षारीय द्रावण, चालते. याच्या अगदी उलट ॲल्युमिनियम: कॉस्टिक सोड्यात टाकलं की हायड्रोजन सोडत विरघळू लागतं. इंजिनाचे भाग धुणाऱ्या गॅरेजमध्ये कॉस्टिकची टाकी असते, तिथे ॲल्युमिनियमचा भाग 'फक्त धुऊन द्या' म्हणून सोडू नका.

आता ब्लास्टिंग, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. इथल्या बहुतेक कॅबिनेटमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा स्टील ग्रिट भरलेलं असतं आणि दाब 5 ते 6 बार असतो. पोलादी पुलीला ते योग्यच आहे. विमानाच्या 0.8 ते 1 मिलिमीटरच्या पत्र्याला ते घातक आहे. एकाच बाजूने मारा झाला की त्या बाजूचा पृष्ठभाग ताणला जातो आणि पत्रा पापडासारखा वाकतो. मग ठोकून सरळ होत नाही. दुसरं, विमानाच्या बाहेरच्या पत्र्यावर अनेकदा शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो पत्र्याच्या जाडीच्या साधारण 5 टक्के, म्हणजे 1 मिलिमीटरच्या पत्र्यावर जेमतेम 0.05 मिलिमीटर. ग्रिटने तो निघून गेला की आतला तांबेयुक्त मिश्रधातू उघडा पडतो आणि पुढच्याच पावसाळ्यात पांढरी पूड धरू लागतो. तिसरं नुकसान उशिरा दिसतं: कॅबिनेटमध्ये आधी लोखंड झालेलं असेल तर त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि काही आठवड्यांनी रंगाखालून तपकिरी ठिपके वर येतात.

उपाय अवघड नाही. ग्लास बीडची, म्हणजे काचेच्या बारीक मण्यांची, 25 किलोची गोणी स्वतः घेऊन जा, 100 ते 150 मायक्रॉनची. कॅबिनेट आणि होज हवेने साफ करून घेतल्याशिवाय ती भरू देऊ नका. दाब 2 ते 2.5 बार, नोझल 20 ते 25 सेंटिमीटरवर, आणि मारा सरळ न करता तिरका, साधारण 45 अंशांत. ओतकामाला हे सुरेख बसतं, मूळचा मंद पोत परत येतो. सपाट पत्र्याला एवढी काळजी घेऊनही ब्लास्टिंग नकोच, तिथे रंग काढायचं रसायन वापरा. चलनावर 'ग्लास बीड, 2.5 बारच्या वर नाही' असं लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं संध्याकाळच्या पाळीपर्यंत टिकत नाही. हे सगळं ऐकून घेणारा ब्लास्टिंगवाला इथे सापडतो, आणि त्याच्याकडून आलेलं काम पुण्याच्या कामाच्या तोडीचं असतं. मात्र त्यासाठी कॅबिनेट अर्धा दिवस अडतं, म्हणून एकच भाग न नेता पाच-सहा साठवून न्या.

ब्लास्टिंगच्या आधी एक गोष्ट बघायलाच हवी. जुन्या रंगाखाली पिवळसर हिरवा थर दिसला तर तो झिंक क्रोमेट प्रायमर धरून चाला. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. तो कोरडा घासायचा नाही आणि त्याच्यावर ब्लास्टिंगही करायचं नाही. रसायनाने मऊ करून, ओला ठेवून खरवडा आणि निघालेला गाळ बंद डब्यात ठेवा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलिन क्लोराइड असतं, त्याची वाफ साचली तर जीवावर बेतते. बंद खोलीत मुळीच नाही. सोनेरी किंवा मळकट राखाडी झाक असलेले पोलादी बोल्ट कॅडमियम या विषारी धातूचा मुलामा दिलेले असू शकतात, त्यांना ग्राइंडर किंवा गॅसची ज्योत लावू नका. आणि ज्या डायलच्या आकड्यांवर जुना, पिवळट-तपकिरी पडलेला चमकणारा रंग आहे, तो रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणजे किरणोत्सर्ग संपला असं होत नाही. चमकणारा झिंक सल्फाइड मरतो, रेडियम-226 चं अर्धायुष्य मात्र सुमारे 1600 वर्षांचं आहे. असं उपकरण उघडायचं नाही, आणि छपाईवाल्याच्या हातात तर नाहीच नाही. इजेक्शन सीटची काडतुसं आणि दाबाखाली वायू भरलेले ॲक्युम्युलेटर (दाब साठवणाऱ्या टाक्या) हा छंदाचा विषयच नव्हे.

ॲनोडायझिंगची सेवा इथे खिडक्यांच्या सेक्शनसाठी आणि किरकोळ मशीनभागांसाठी आहे, आणि त्या मर्यादेत चांगली आहे. सल्फ्युरिक ॲसिडचा बाथ 18 ते 22 अंशांत राहिला पाहिजे. चिलर (बाथ थंड ठेवणारं यंत्र) नसेल तर सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बाथ तापतो आणि थर मऊ, बोटाला पूड लागेल असा येतो. म्हणून चिलर आहे का हा पहिला प्रश्न. नसेल तर काम डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबवा. थर 10 मायक्रॉन पुरतो. विमानाच्या तांबेयुक्त मिश्रधातूवर रंग खिडकीसारखा चकचकीत येत नाही, थोडा पिवळट-राखाडी येतो. त्यात कारागिराचा दोष नाही. सिलिकॉनयुक्त ओतकाम काळपट होतं, तिथे ॲनोडायझिंगचा आग्रह सोडा. पोलादी इन्सर्ट किंवा बुश असलेला भाग बाथमध्ये गेला तर पोलाद खाल्लं जातं. रिव्हेटने जोडलेला भाग तर कधीच देऊ नये. दोन पत्र्यांच्या फटीत ॲसिड अडकतं, धुतल्यावरही निघत नाही आणि वर्षभराने सांध्यातून पांढरं फुगून बाहेर येतं. ब्रिटिशांनी जोडलेल्या भागांसाठी क्रोमिक ॲसिडची पद्धत वापरली ती याच कारणाने.

पावडर कोटिंगची शिफारस नाही. भट्टी 180 ते 200 अंशांची असते. त्यात सांध्यातला जुना सीलंट जळतो, सच्छिद्र ओतकामातली हवा बाहेर पडून रंगाला फोड येतात, आणि उष्णतेने मजबूत केलेलं मिश्रधातू नरम पडतं. शिवाय तो जाड, गुळगुळीत थर विमानाचा वाटत नाही. नव्याने बनवलेल्या स्टँडला मात्र पावडर कोटिंगच करा, स्वस्त आणि टिकाऊ.

रंगासाठी गाडीचा पेंटर बरा. तयार धातूला हात न लावता, ब्लास्टिंगनंतर चार तासांच्या आत वॉश प्रायमर (धातूला धरून बसणारा पातळ पहिला थर), तोही 8 ते 10 मायक्रॉनचाच. जाड मारला की सोलतो. त्याआधी धुवायचं असेल तर शेवटचं पाणी नळाचं किंवा बोअरचं नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, नाहीतर क्षारांचे डाग प्रायमरखाली राहतात. उन्हाळ्यात पारा 40 च्या पुढे असताना थेंब पत्र्यावर पोहोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. संथ सुकणारा थिनर घ्या आणि सकाळी आठच्या आत मारा. पावसाळी हवेत लॅकरवर पांढरी झाक येते, तेव्हा काम पुढे ढकला. आणि सोलापूरची खास अडचण: टॉवेल-चादरीच्या शेडजवळच्या गॅरेजमध्ये कापसाचे तंतू हवेत असतात. ओल्या मॅट रंगात बसलेला तंतू पॉलिश करून काढता येत नाही, कारण पॉलिश केलं की तिथे मॅट जाऊन चकाकी येते. शेडपासून लांबचा पेंटर निवडा. सोव्हिएत कॉकपिटचा निळसर हिरवा रंग जुन्या छायाचित्रावरून मिळवू नका. पॅनेलवरच्या लेबलखालचा किंवा क्लॅम्पखालचा उन्हापासून वाचलेला तुकडा शोधा आणि तोच नमुना पेंटरपुढे ठेवा.

लेथ हा या शहराचा खरा ठेवा आहे. यंत्रमागाचे बुश आणि शाफ्ट पिढ्यान् पिढ्या बसवणाऱ्या टर्नरच्या हाताला दोन शतांश मिलिमीटरचा अंदाज असतो. गहाळ स्पेसर, नॉब, बेझल (डायलभोवतीची कडी), स्टँडचे बुश निःशंक द्या. अडचण फक्त आट्यांची. सोव्हिएत भाग मेट्रिक आहेत, ते जुळतात. ब्रिटिश उपकरणांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे भेटतात, त्यांचा कोन 47.5 अंश, मेट्रिकचा 60. 4 बीए म्हणजे 3.6 मिलिमीटर व्यास आणि 0.66 मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. टर्नर गेज लावतो, 0.7 शी, म्हणजे 4 मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूच्या पिचशी, जवळजवळ जुळतं, आणि तो '4 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून देतो' म्हणतो. स्क्रू बसतो, पण मूळ आटे गेलेले असतात. 0 बीए तर बरोबर 6 मिलिमीटर आणि 1 पिचचा, म्हणजे एम6 समजून हमखास फसायला होतं. टॅप-डायचा बीए संच स्वतः विकत घ्या. 2 बीएला 4.0, 4 बीएला 3.0 आणि 6 बीएला 2.3 मिलिमीटरचं ड्रिल. टॅप टर्नरच्या हातात ठेवा, काम तो तुमच्यापेक्षा चांगलं करेल.

पॅनेलवरची अक्षरं स्क्रीन प्रिंटिंगने होतात. कापडाच्या छपाईची जाळी 40–60 धाग्यांची असते, तीवर 3 मिलिमीटरची अक्षरं दातेरी येतात. सेंटिमीटरला 120 धाग्यांची जाळी मागा. लेबल आणि पॅकिंग छापणाऱ्यांकडे ती असते. शाई दोन भागांची इपॉक्सी, साधी नखाने निघते. रशियन अक्षरांची फाइल कोरलड्रॉमध्ये कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार रेषांत बदलूनच, द्या, नाहीतर दुकानातल्या संगणकावर फॉन्ट बदलतो आणि Я च्या जागी चौकोन छापून येतो. आधी टाकाऊ पत्र्यावर एक प्रूफ मारून घ्या.

दर सगळीकडे नगावर ठरतात आणि एकच नग नेला तरी कमीत कमी रक्कम लागतेच, त्यामुळे वर सांगितलेलं साठवून नेणं इथेही परवडतं. भाग नेताना प्रत्येकाला तारेने पत्र्याचा नंबर बांधा आणि चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. मूळ निर्मात्याची डेटा प्लेट देण्याआधी काढून घरीच ठेवावी. बफिंगवाल्याच्या चाकाखाली कोरीव अनुक्रमांक काही सेकंदांत पुसला जातो, आणि त्यानंतर तो भाग कोणत्या विमानाचा होता हे सिद्ध करायला लिलावाच्या कागदांशिवाय काही उरत नाही.