पांडास आणि एचडीएफ५, आठ महिने वापरून

पणजीत आमचं चार जणांचं ऑफिस, काम नदीच्या पाण्याच्या पातळीचं. मांडवी-झुआरीच्या काठाला बारा सेन्सर, दर १० मिनिटांनी रीडिंग, म्हणजे वर्षाला ६,३०,७२० ओळी. दोन वर्षं एकत्र केली की एक्सेलची १०,४८,५७६ ओळींची मर्यादा संपते, म्हणून मी एचडीएफ५ (मोठा डेटा साठवायचा फाइलचा प्रकार) धरलं, पायथनच्या पांडास लायब्ररीतून.

पहिला दिवस वाईट गेला. सेन्सरवाल्यांची फाइल पांडासच्या रीड_एचडीएफ (फाइल वाचणारं फंक्शन) ला दिली तर म्हणे डेटासेट पांडासशी जुळत नाही. मला वाटलं फाइलच खराब आली, दोन फोन करून त्यांच्याशी भांडलो पण! फाइल धडधाकट होती, फक्त पांडासने लिहिलेली नव्हती. एच५पाय (एचडीएफ५ उघडणारी दुसरी पायथन लायब्ररी) ने उघडली तर आत फोल्डरसारखे ग्रुप, ग्रुपात डेटासेट, तो नमपायमध्ये (पायथनची आकड्यांची लायब्ररी) घेतला आणि डेटाफ्रेम (पांडासचा तक्ता) केली, झालं. परत फोन करून सॉरी म्हणालो ते वेगळंच.

आता स्वतःची फाइल. टू_एचडीएफ (फाइल लिहिणारं फंक्शन) फॉरमॅट न सांगता वापरलं की फिक्स्ड फॉरमॅट होतो, वाचायला झटपट आहे, पण त्यात नंतर ओळी जोडता येत नाहीत आणि व्हेअर (ओळी निवडायची अट) लावून फक्त जुलै हवा म्हटलं तर सरळ एरर. मी तीन महिने फिक्स्डमध्येच लिहीत होतो आणि दरवेळी अख्खी फाइल मेमरीत घेऊन गाळत होतो, वेडेपणा नुसता. फॉरमॅट टेबल द्या, आणि ज्या कॉलमवर शोधायचंय तो डेटा_कॉलम्स मध्ये आधीच टाका, नाहीतर टेबल असूनही त्या कॉलमवर व्हेअर चालत नाही. हे केल्यावर फोंड्याच्या सेन्सरचा एक आठवडा काढायला सगळी फाइल ओढावी लागत नाही, आमच्या जुन्या लॅपटॉपचा फॅनसुद्धा गप्प असतो.

अजून एक खोड, मजकुराच्या कॉलमची रुंदी पहिल्या खेपेतच ठरते. आमच्याकडे शेऱ्याच्या कॉलममध्ये आधी नुसतं 'ठीक' असायचं, मग पावसात कोणीतरी 'गाळ अडकला, साफ केला' लिहिलं आणि अपेंड (नव्या ओळी जोडणं) आडवा झाला. मिन_आयटमसाइज (मजकुराची किमान रुंदी) आधीच मोठा द्या, आणि तो बाइटमध्ये मोजतात, देवनागरीत अक्षरच काय मात्रा-अनुस्वारालाही ३ बाइट लागतात, तेव्हा सढळ हाताने द्या.

काही डिलीट केलं तरी फाइल लहान होत नाही, पीटीरीपॅक (फाइल नव्याने लिहून रिकामी जागा काढणारं टूल) चालवावं लागतं. हे मला डिस्क भरल्यावर कळलं.

खरी भीती लाइटची. जूनमध्ये लिहिणं चालू असताना लाइट गेली (गोव्यात पावसात हे काय नवीन?), यूपीएसची बॅटरी मेलेली, फाइल परत उघडलीच नाही. त्याच डेटाचे सीएसव्ही (साध्या मजकुराचे तक्ते) होते म्हणून वाचलो. आता महिन्याला वेगळी फाइल, पायथनच्या विथ मध्येच उघडतो म्हणजे काम झालं की आपोआप बंद होते, आणि सीएसव्ही पेनड्राइव्हवर असतातच. यूपीएसची बॅटरी मात्र अजून आणायची आहे.