लोफोटेन की हेल्गेलांड: उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्याने गाडी न्यायची तर कोणता रस्ता धरावा

बर्गन, सोग्नेफियॉर्ड आणि गायरांगर ही पश्चिम नॉर्वेतली नेहमीची ठिकाणे पाहून झाली की पुढच्या खेपेस उत्तर नॉर्वेची ओढ लागते, आणि तेथे स्वतः गाडी चालवत फिरायचे ठरले की निवड बहुधा दोन रस्त्यांवर येऊन ठेपते. एक म्हणजे लोफोटेन बेटांच्या कण्यावरून जाणारा ई १०, ज्याची छायाचित्रे आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. दुसरा म्हणजे स्टाइनक्येरपासून बोडोपर्यंत हेल्गेलांडच्या किनाऱ्याने जाणारा १७ क्रमांकाचा रस्ता, ज्याचे नाव आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या पत्रकांत मला अजून दिसलेले नाही. मी दोन्ही रस्त्यांवर गाडी चालवली आहे. माझा कल कोणीकडे आहे हे पुढे दिसेलच, पण तो सर्वांना मानवेल असा माझा आग्रह नाही.

लोफोटेनची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. समुद्रातून थेट उभे राहिलेले काळे कडे, त्यांच्या पायथ्याशी खांबांवर उभारलेली कोळ्यांची लाल लाकडी घरे आणि दोन कड्यांच्या मध्येच अवचित येणारी पांढऱ्या वाळूची पुळण हे सगळे इतक्या थोड्या अंतरात एकत्र आलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. राफ्टसुंडपासून ओ या टोकाच्या गावापर्यंतचा राष्ट्रीय पर्यटन मार्ग जेमतेम २३० किलोमीटरांचा आहे. बोर्गला वायकिंग सरदाराचे ८३ मीटर लांबीचे घर पुन्हा उभारून तेथे संग्रहालय केले आहे, आणि रेनेब्रिंगेनच्या ४४८ मीटर उंचीच्या माथ्यावर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगडी पायऱ्या रचल्या आहेत. फेब्रुवारी ते मे या काळात गेल्यास कॉड मासळी वाळत घातलेले मोठमोठे लाकडी मांडव भरलेले दिसतात. हाताशी दिवस थोडे असतील आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी काहीतरी भव्य पदरात पडावे अशी इच्छा असेल, तर लोफोटेन तो शब्द पाळते.

माझा निर्णय मात्र एका त्रासाने फिरवला. तो त्रास गाडीत बसणाऱ्यांना फारसा जाणवत नाही, गाडी चालवणाऱ्याला जाणवतो. मोस्केनेसोय बेटावर पोहोचल्यावर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी अशा बेचक्यात रस्ता अरुंद होत जातो, आणि जुलैमध्ये त्याच रस्त्यावर मोठाली मोटारहोम, सायकलस्वार आणि हातात कॅमेरा घेऊन कडेने चालणारे पर्यटक एकाच वेळी असतात. समोरून येणाऱ्या मोटारहोमचा आरसा आपल्या आरशाला घासेल की काय या काळजीत नजर रस्त्याच्या मधल्या रेषेवर खिळून राहते. रस्त्याकडेचे थांबे आहेत, परंतु ते नेमके तेव्हाच भरलेले असतात जेव्हा समोरचे दृश्य थांबण्यासारखे असते, आणि अन्यत्र थांबायला मनाई आहे, जी योग्यच आहे. मागच्या आसनावरून मुलगी ‘बाबा, बघा ना’ म्हणत राहते आणि आपण ‘हो’ म्हणत आरशात पाहत राहतो. रेने गावाच्या फाट्याशी वाहनतळ भरलेला मिळाला म्हणून आम्ही पुढे जाऊन वळून परत आलो, तोवर डोंगरावर ढग उतरले होते. त्या संध्याकाळी मुक्कामी पत्नीने दिवसभरात काढलेली छायाचित्रे पाहताना त्यांतल्या निम्म्या जागा मला ओळखता आल्या नाहीत, आणि त्या सगळ्या जागांवरून गाडी मीच नेली होती.

यावर उपाय नाही असे म्हणता येणार नाही. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्रीचे जेवण उरकून अकराच्या सुमारास गाडी काढली तर तोच रस्ता मोकळा मिळतो आणि प्रकाशही तिरपा व सोनेरी असतो. आम्ही एका रात्री तसे केले आणि तो अनुभव फार चांगला होता. पण लहान मूल किंवा वयस्कर आईवडील बरोबर असताना रोज रात्री हे जमवणे कठीण आहे.

हेल्गेलांडच्या रस्त्याची घडणच निराळी आहे. दाभोळहून धोपाव्याला किंवा जयगडहून तवसाळला फेरीबोटीने खाडी ओलांडत ज्यांनी कोकण किनारा केला आहे, त्यांना ती पटकन समजेल. सुमारे ६५० किलोमीटरांच्या या वाटेवर रस्ता सहा ठिकाणी पाण्यापाशी संपतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो. दक्षिणेकडून निघाल्यास होल्म ते वेन्नेसुंड, हॉर्न ते अन्दाल्सवोग, फोरविक ते ट्योट्टा, लेवांग ते नेस्ना, किलबोगहाम्न ते येक्टविक आणि ओग्सकार्डेट ते फोरोय असा हा क्रम आहे. यांपैकी फोरविक आणि किलबोगहाम्न येथून निघणाऱ्या बोटी सुमारे तासभराच्या आहेत, आणि शेवटची दहा मिनिटांत पलीकडे पोहोचते.

कागदावर हे सहा अडथळे वाटतात, आणि ही वाट टाळण्याचे कारण म्हणून बहुतेक जण तेच सांगतात. माझ्या दृष्टीने त्यांनीच पारडे फिरवले. धक्क्यावर आखलेल्या रांगेत गाडी लावायची आणि इंजिन बंद करायचे. बोट टेकते, तिचा पुढचा दरवाजा उचलला जातो, समोरच्या गाड्या उतरून जातात, आणि चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला कर्मचारी हाताच्या खुणेने आपल्याला नेमके इतक्या जवळ उभे करतो की दार अंग चोरूनच उघडावे लागते. हँडब्रेक ओढायचा आणि लोखंडी जिन्याने वर जायचे. तिथून पुढे वीस मिनिटे असो की तासभर, गाडी चालवणारा मोकळा असतो. कॉफीचा कागदी पेला हातात घेऊन तो कठड्याशी उभा राहतो आणि बाकीच्यांनी जे पाहिले तेच तोही पाहतो. किलबोगहाम्नहून निघालेली बोट उत्तर ध्रुववृत्त ओलांडते, आणि काठावरच्या खडकावर उभारलेला पृथ्वीगोल दिसू लागला की सगळे प्रवासी एका बाजूला गोळा होतात. ते वृत्त मी ई ६ महामार्गावरून, डोंगरमाथ्यावरच्या पर्यटन केंद्राशी गाडी थांबवूनही ओलांडले आहे, परंतु पाण्यावरून ते ओलांडताना चौघांनाही एकत्र उभे राहता आले.

सृष्टिसौंदर्य कोणत्या बाजूला अधिक, याचे उत्तर देताना मी थोडा चाचरतो. एका चौकटीत बसणारी भव्यता लोफोटेनकडे अधिक आहे. हेल्गेलांड पसरट आहे, हजारो लहान बेटांत विखुरलेले आहे आणि त्याला उलगडायला वेळ लागतो. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी लोफोटेनमध्ये मला सापडली नाही, ती म्हणजे सगळ्या डोंगरांना एका सूत्रात ओवणारी एक लोककथा. लोफोटेनमधल्या वोगाकालेन डोंगराचा मुलगा हेस्टमानेन हा लेकामोया या सुंदर तरुणीच्या मागे घोड्यावरून दौडत दक्षिणेकडे निघाला. तिच्याबरोबरच्या सात बहिणी वाटेत दमून बसल्या, पण ती पळत राहिली. ती हाती लागत नाही असे पाहून त्याने बाण सोडला, तेव्हा सोम्नाच्या राजाने आपली टोपी मध्ये फेकली. बाण टोपीतून आरपार गेला, तेवढ्यात सूर्य उगवला आणि सगळ्यांचे दगड झाले. यातली टोपी म्हणजे ब्रोन्नोयसुंडजवळचा टोर्गहाटेन डोंगर, ज्याच्या पोटातून सुमारे १६० मीटर लांबीचे भोक आरपार गेले आहे आणि त्यातून माणूस चालत जाऊ शकतो. हे काम हिमयुगातल्या दंवाचे आणि समुद्राची पातळी उंच असतानाच्या लाटांचे आहे. सात बहिणी सांडनेसशोएनच्या वर ओळीने उभ्या आहेत, त्यांतली सर्वांत उंच १०७२ मीटरांची, आणि घोडेस्वार ध्रुववृत्तापाशी समुद्रात बेट होऊन राहिला आहे. गाडीने उत्तरेकडे जाताना ही कथा शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडत जाते, आणि माझ्या मुलीने पुढचे पात्र कधी येणार हे विचारत तो प्रवास केला.

उरलेली ठिकाणे थोडक्यात सांगतो. होलांडफियॉर्डच्या काठाने जाताना पलीकडे स्वार्टिसेनच्या हिमक्षेत्राची एंगाब्रेएन ही खाली उतरणारी हिमनदीची जीभ दिसते. ती आता बरीच मागे हटली आहे, तरी लहान बोटीने पलीकडे जाऊन पायी जवळ जाणे वाया जात नाही. गिल्डेस्कोल भागातला उरेडप्लासेन हा थांबा त्याच्या लाटेच्या आकाराच्या प्रसाधनगृहासाठी गाजला आहे. तेथे १९४३ साली सुरुंगाला धडकून बुडालेल्या उरेड या पाणबुडीचे स्मारकही आहे, ते पाहिल्याशिवाय निघू नये. वेगा द्वीपसमूह २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथील लोक आयडर बदकांसाठी लहान घरटी बांधून ठेवतात आणि पक्षी निघून गेल्यावर मागे राहिलेली मऊ पिसे गोळा करतात. पण वेगासाठी वेगळी बोट आणि एक वेगळा दिवस राखून ठेवावा लागतो.

साल्टस्ट्राउमेनविषयी मात्र घाई करू नका. दोन फियॉर्डांना, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यांना, जोडणाऱ्या, सुमारे १५० मीटर रुंद आणि तीन किलोमीटर लांब अशा चिंचोळ्या सामुद्रधुनीतून भरती-ओहोटीचे पाणी दर सहा तासांनी दिशा बदलत धावते, आणि एका फेऱ्यात जवळजवळ ४० कोटी घनमीटर पाणी इकडून तिकडे जाते. पुलावरून पाहणारे पाच मिनिटांत परत फिरतात. खाली उतरून काठच्या खडकांवर उभे राहिले की पाण्याचा आवाज ऐकू येतो, तो नदीच्या पुरासारखा सलग नसून मध्येच दबतो आणि पुन्हा उसळतो. भोवरा आधी तबकाएवढा असतो, बघता बघता खोलीएवढा होतो आणि सरकत सरकत विरून जातो. ज्या वेळी पाणी दिशा बदलते त्या वेळी सगळे शांत असते, म्हणून भरतीचे वेळापत्रक पाहूनच तेथे पोहोचावे, आणि जमल्यास अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचा दिवस धरावा.

हेल्गेलांडच्या उणिवा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. एक बोट चुकली तर पुढच्या दोन बोटींची गणिते बिघडतात, आणि लांब पल्ल्याच्या बोटींच्या फेऱ्या कमी असल्याने संध्याकाळचा मुक्काम धोक्यात येऊ शकतो. आम्ही रोजचा मुक्काम बोटीच्या वेळेवरून ठरवला आणि दिवसाला दोनपेक्षा अधिक बोटी ठेवल्या नाहीत, त्यामुळे धावपळ झाली नाही. स्टाइनक्येर ते ब्रोन्नोयसुंड हा सुरुवातीचा टप्पा शेती आणि जंगलाचा आहे, आणि तो पाहून ‘यासाठी इतक्या लांब आलो का’ असा प्रश्न पडू शकतो. ढग खाली आले तर सात बहिणींपैकी एकही दिसत नाही, अर्थात हा धोका लोफोटेनलाही तितकाच आहे. खाण्याची ठिकाणे विरळ आहेत, रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, आणि शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेली कुटीर घेऊन शिधा बरोबर ठेवणेच बरे. बोडोभोवतालच्या साल्टन भागात मात्र तपकिरी चीजच्या गोडसर रसात भिजवलेली मोस्ब्रोमलेफ्से ही पातळ पोळी जरूर खाऊन पाहावी, ती शाकाहारी माणसालाही चालते आणि पोटही भरते.

खर्चाच्या बाबतीत मला मोठा फरक जाणवला नाही. बोटींचे भाडे गाडीचा टॅग किंवा नंबरप्लेट वाचून आकारले जाते आणि भाड्याच्या गाडीच्या बिलात नंतर जोडले जाते, त्यामुळे हिशेब त्या क्षणी डोळ्यांसमोर येत नाही, एवढे लक्षात ठेवावे. मुक्काम मात्र लोफोटेनमध्ये आधी संपतात, आणि जे उरतात ते महाग असतात, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा एकूण चार-पाच दिवसच असतील, बरोबरच्यांना डोंगर चढायचे असतील आणि गाडी चालवायला आलटून पालटून दोघे तयार असतील, तर लोफोटेन निवडावे. गाडी चालवणारे तुम्ही एकटेच असाल, तर माझे मत हेल्गेलांडला आहे, आणि ते मी बऱ्याच खात्रीने देईन.

दिवस कमी पडत असतील तर दक्षिणेकडचा टप्पा वगळता येतो. ई ६ वरच्या मोशोएन गावाहून सुमारे साडेदहा किलोमीटर लांबीच्या टोवेन बोगद्यातून थेट किनाऱ्याच्या रस्त्याला लागता येते, आणि मग उत्तरेकडच्या तीनच बोटी उरतात, ज्यांत ध्रुववृत्ताची बोट येतेच. थोडे दक्षिणेकडे वळून सांडनेसशोएनपर्यंत गेले तर सात बहिणीही चुकत नाहीत. दिशेविषयी दोन मते आहेत. नॉर्वेत गाडी उजवीकडून चालवायची असल्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि कडेला थांबणे सोपे जाते. तरीही मी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणेच पसंत करतो, कारण त्या क्रमाने डोंगर उंच होत जातात आणि साल्टस्ट्राउमेन शेवटी येते. बोडोला गाडी परत करून विमान धरता येते, पण एका गावी घेतलेली गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचे शुल्क नॉर्वेत जबर असते. त्यामुळे आम्ही बोडोहून साल्टफिएलच्या पठारावरून ई ६ ने, वाटेत एक मुक्काम करून, जिथे गाडी घेतली होती तिथेच परत आलो.