पत्र्याच्या आढ्याला फट आणि मोकळी वळचण: तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

ज्यांच्या घरावर रंगीत पत्रा आहे आणि पत्र्याखाली माळा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आढ्यावर फट ठेवून त्यावर उचललेली टोपी बसवणं आणि वळचणीला हवा आत यायला जागा करणं, ही दोन्ही कामं मी आणि माझ्या धाकट्या दिरांनी मिळून घरीच केली. त्यानंतर उन्हाळा, वळीव, पावसाळा आणि थंडी असं सगळं बघून झालं. माझं मत आधीच सांगते. हे काम जरूर करा, पण वरच्या फटीकडे जितकं लक्ष द्याल त्याच्या दुप्पट वळचणीकडे द्या.

आमचं घर नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला, जुनं, जाड भिंतींचं. लांबी तीस फूट, रुंदी वीस. आढं दक्षिणोत्तर, म्हणजे पाखी पूर्वेला आणि पश्चिमेला. पूर्वी मंगलोरी कौलं होती. वानरं उड्या मारून कौलं फोडायची, शाकारणीला माणूस मिळेना, म्हणून काही वर्षांपूर्वी सासऱ्यांनी विटकरी रंगाचा पत्रा टाकला. गळती थांबली, पण माळा तापायला लागला. कौलारू छपराला प्रत्येक सांध्यातून थोडी थोडी हवा जात असते, तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. पत्र्याला असे सांधे नाहीत. त्यात गवंड्यानं उंदीर-खारी येऊ नयेत म्हणून भिंत आणि पत्रा यांच्यामधली जागा सिमेंटनं लिंपून टाकलेली. अशी लिंपलेली वळचण आमच्या भागात घरोघरी दिसेल.

माळ्याखालच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. मे महिन्यात बाहेरची हवा संध्याकाळी सातनंतर पश्चिमेच्या वाऱ्यानं सुखाची व्हायची, नाशिकची ती खरी मजा, पण खोलीत रात्री अकरापर्यंत तक्तपोशीतून, म्हणजे माळ्याच्या लाकडी फळ्यांतून, धग उतरत राहायची. बाहेर ३९ अंश असताना माळ्यावर टांगलेला तापमापक ५२ दाखवायचा.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, उतरत्या छपराच्या घरांना आढ्यावर लांबलचक व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायची झाकलेली वाट, बसवण्याची पद्धत आहे. तिथलं छप्पर लाकडी फळ्यांचं आणि वर शिंगल्सचं, म्हणजे एकावर एक ठोकलेल्या पातळ चपट्या तुकड्यांचं, त्यामुळे त्यांच्या तयार प्लास्टिकच्या पट्ट्या आपल्या पत्र्यावर जशाच्या तशा बसत नाहीत. पण हिशोब उपयोगी आहे. माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी मोकळी जागा हवेसाठी ठेवायची, हा तिथला जुना नियम. हवेची निम्मी वाट वर आणि निम्मी खाली असेल तर १/३०० वरही भागतं, पण आपल्याकडचं ऊन बघून मी १/१५० धरला. सहाशे चौरस फुटांना चार चौरस फूट, म्हणजे वर २८८ चौरस इंच आणि खाली २८८.

इथे एक बारकावा आहे. मोकळी जागा म्हणजे जाळी लावल्यावर उरलेली जागा. आढ्याची दोन्ही टोकं फूटभर न कापता सोडली, मधे अठ्ठावीस फूट मिळाले. दीड इंचाची फट ठेवली तर ५०४ चौरस इंच. त्यावर डासांची बारीक जाळी लावली की धूळ बसून निम्मी जागा जाते आणि उरतात २५२, म्हणजे कमीच. म्हणून सहा मिलिमीटर चौकोनाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे जस्त चढवलेली तारेची जाळी, घेतली. ती जेमतेम पाव हिस्सा खाते. खार, पाकोळी, चिमणी यांना तेवढी जाळी पुरते. गांधीलमाशी तिच्यातून आत येऊ शकते, त्यामुळे माळ्यावर अधूनमधून नजर ठेवावी लागते.

खालचं काम आम्ही आधी केलं. आमच्या शेजारच्या आप्पांची कांद्याची चाळ आहे, आणि चाळ बांधणारा माणूस सगळ्यात आधी खालच्या हवेचा विचार करतो. जमीन दीड-दोन फूट उचलून तळाला पट्ट्यांमध्ये फटी, बाजूंना फटी, मग वरचं छप्पर. खालून हवा नसेल तर कांदा सडतो हे नाशिक जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माळ्याचंही तेच आहे. गरम हवा वर निघून जायला तिच्या जागी दुसरी हवा यावी लागते. वळचण बंद ठेवून नुसतं आढं उघडलं तर ती हवा खालच्या खोलीतून, तक्तपोशीच्या फटींतून ओढली जाते, किंवा जोराच्या वाऱ्यात आढ्याच्याच एका बाजूनं आत शिरते आणि पाऊस घेऊन येते.

म्हणून दोन्ही पाखींच्या वळचणीचं सिमेंट छिन्नीनं काढलं आणि भिंतीच्या माथ्यावर सलग इंचभर जागा मोकळी केली. साठ फुटांची ती पट्टी जाळी धरूनही वरच्या फटीपेक्षा मोठी भरते, आणि ती तशीच हवी. हे काम कंटाळवाणं आहे, मान मोडते, नाकातोंडात माती जाते, मास्क आणि चष्मा लागतोच. पण शिडीवर उभं राहून होतं आणि त्यात कारागिरी फार लागत नाही. मी बरंचसं एकटीनं केलं.

आढ्याचं काम मात्र दिरांशिवाय झालं नसतं. ते नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनच्या कामावर असतात, पत्र्यावर वावरायची त्यांना सवय आहे. सासूबाईंना हे सगळं पसंत नव्हतं. "पावसाळा तोंडावर आला आणि तुम्ही छपराला भोक पाडताय?" त्यांची काळजी रास्त होती. आढं हीच छपराची सगळ्यात नाजूक जागा. म्हणून आम्ही जुनी टोपी काढण्याआधी नवी टोपी, पट्ट्या, स्क्रू असं सगळं सामान दारात आणून ठेवलं होतं.

पत्रा कापायला ग्राइंडर वापरू नका, हे कळकळीनं सांगते. ठिणग्यांनी कडेचा रंग आणि जस्त जळतं, लोखंडाचा कीस पत्र्यावर पडतो आणि पहिल्याच पावसात जिथे तिथे गंजाचे ठिपके उमटतात. हातकात्रीनं कापायला वेळ लागतो, पण कड स्वच्छ राहते. दोन्ही बाजूंचे पत्रे वरून पाऊण पाऊण इंच कापले. मग पत्र्याच्या प्रत्येक सपाट पन्हळीचं वरचं टोक पकडीनं वर वळवलं. हे वळवणं कोणी सहसा करत नाही, पण वाऱ्यानं उलटं चढणारं पाणी तिथेच अडतं. त्यावर जाळी, दर दोन फुटांवर झेड आकाराच्या जस्ताच्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर नवी टोपी, दोन्ही बाजूंना फूट फूट उतरणारी, कडा खाली दुमडलेल्या. टोपी आणि पत्रा यांच्यामधे दोन इंच मोकळे राहतात.

फटीच्या बाहेर, पत्र्यावर, टोपीच्या कडेला समांतर अशी एक बुटकी उभी पट्टीही लावली आहे. वारा तिला आपटून वर उसळतो, फटीसमोर दाब कमी होतो आणि आतली हवा जास्त ओढली जाते. पाऊसही बराचसा तिथेच आपटून खाली येतो. चांगल्या तयार व्हेंटलाही बाहेरून अशी पट्टी असते. बिनपट्टीचा व्हेंट कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

स्क्रू रबरी वॉशरचे घ्या आणि वॉशर चपटा होऊन बाहेर येईपर्यंत आवळू नका. सीलंट घेताना न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन जस्ताला खातं.

आता धोक्याचं. घरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यातलं काहीही स्वतः कापू नका, घासू नका, भोक पाडू नका. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षांनी आजार करते. शिवाय ते पत्रे पायाखाली अचानक फुटतात. लोखंडी पत्र्यावरही पाय नेहमी खालच्या आडव्या पाइपाच्या रेषेवर, स्क्रूच्या ओळीवर ठेवायचा, अंगाला पट्टा आणि दोर बांधलेला हवा, आणि जवळून वीजवाहिनी जात असेल तर काम वायरमनला विचारूनच. दवानं ओला पत्रा घसरतो आणि दुपारचा पत्रा भाजतो, म्हणून दव उडाल्यापासून दहा-साडेदहापर्यंतचाच वेळ कामाचा.

काम झाल्यावर धुपाटणं घेऊन माळ्यावर गेले. आमच्या त्रिकोणी भिंतींना दोन जुने झरोके आहेत. ते उघडे असताना धूर झरोक्याजवळून सरळ आढ्याकडे जात होता आणि वळचणीपाशी नुसता तरंगत होता. झरोक्यांना फळी लावली आणि काही क्षणांत वळचणीपासचा धूर पत्र्याच्या पोटाला चिकटून वर चढायला लागला. हवा जवळची वाट धरते. आढ्याला फट असेल तर झरोके बंदच बरे. गरगर फिरणाऱ्या टर्बो व्हेंटिलेटरचंही असंच. सातपूर-अंबडच्या शेडवर ते छान काम करतात, पण आढ्याच्या फटीशेजारी बसवले तर ते फटीतूनच हवा ओढतात. दोन्हींपैकी एक निवडा.

उन्हाळ्यातला फरक दुपारी मध्यम आणि संध्याकाळी मोठा आहे. बाहेर ३९ असताना माळ्यावर आता ४४ च्या आसपास असतं. सात वाजता वारा सुटला की माळा तासाभरात निवतो आणि रात्री जेवणं होईपर्यंत खालची खोली बसण्यासारखी होते. माझ्यासाठी एवढ्यानंच काम वसूल झालं. पण भर दुपारी माळ्यावर उभं राहिलं की डोक्यावर धग जाणवतेच. ती पत्र्यातून सरळ अंगावर येणारी उष्णता आहे, हवा कितीही खेळवा, ती थांबत नाही. हवा खेळवून माळ्यावरची हवा फार तर बाहेरच्या हवेइतकी होईल, तिच्याहून थंड नाही. म्हणून मेच्या मध्यावर आडव्या पाइपांच्या खालून ॲल्युमिनियम फॉइलची शीट ताणून लावली. वर आढ्याशी आणि खाली वळचणीशी वीतभर जागा सोडली, म्हणजे पत्रा आणि फॉइल यांच्यामधून हवा वाहत राहते. दोन्ही मिळून जो फरक पडला तो एकट्या फटीनं पडला नसता. पैसे कमी असतील तर पत्र्याला बाहेरून पांढरा परावर्तक रंग देणं हाही चांगला मार्ग आहे, पण त्यावर धूळ बसते आणि तो काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.

खरी परीक्षा वळवानं घेतली. मृगापासूनचा पाऊस आमच्याकडे तसा संथ असतो, पण मेअखेरीची वावटळ आणि तिच्यामागून येणारा आडवा पाऊस दिशा बघत नाही. एका संध्याकाळी दक्षिणेच्या टोकाला माळ्यावर थोडे शिंतोडे आले, पोतं ओलं व्हावं इतकेही नाहीत. तिथे टोपीच्या तोंडाशी आडवी झाकणपट्टी लावली. पुढे पूर्ण पावसाळ्यात आढ्यातून थेंब आला नाही. श्रावणात माळ्यावर यायचा तो कुबट वास यंदा नव्हता. पापड, कुरडया आणि गव्हाची कोठी वर असते, कोठीखालच्या फळ्या पहिल्यांदाच कोरड्या राहिल्या. सासूबाईंनी ते स्वतः हात लावून बघितलं आणि या वर्षीचे लसणाचे झेलेही वरच टांगायला सांगितले.

थंडीबद्दल सावध राहा. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा आमच्याकडेही पहाटे कडाका असतो आणि माळा बाहेरइतकाच गार पडतो. अशा वेळी वरची फट बुजवायचा मोह होतो. ती बुजवू नका. खालून येणारी स्वयंपाकाची, अंघोळीच्या पाण्याची वाफ गार पत्र्याला लागून थेंब धरते आणि बंद माळ्यात ते थेंब तसेच राहतात. आम्ही तक्तपोशीच्या फटी आणि जिन्याच्या झाकणाची कड नीट बंद केली, त्यानं खोलीची ऊबही टिकली आणि वाफही वर जाईना. निरभ्र रात्री पत्र्याच्या आतल्या अंगाला थोडं दव धरतंच, पण नऊपर्यंत सुकतं.

तोटे म्हणाल तर माळ्यावर धूळ वाढली आहे, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारणी सुरू झाली की तिचा वास वर येतो. टोपी वाऱ्यात वाजत नाही. पावसाचा पत्र्यावरचा आवाज होता तेवढाच आहे. खर्च फॉइलसकट एका बऱ्या कूलरइतका आला, त्यातला मोठा भाग टोपीचा पत्रा वाकवून घेण्याचा. मजुरी घरची होती हे लक्षात घ्या.

स्लॅबच्या घराला यातलं काही लागू पडत नाही. पत्रा चार पाखींचा असेल तर आढं आखूड असतं, तिथे अठ्ठावीस फूट मिळणार नाहीत, हिशोब आधी कागदावर करा. आणि जाळी वर्षातून एकदा, वळवाच्या आधी, आतून ब्रशनं झाडा. वळचणीच्या जाळीत कोळिष्टकं आणि चिपाडं वरच्यापेक्षा लवकर अडकतात, तिथूनच सुरुवात करा.