माइंडफुलनेस गावात न्यायचं आहे: आठ आठवड्यांचा कोर्स, दहा दिवसांचं शिबिर की बचत गटातली वीस मिनिटं?

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे घडतंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत बसवलेल्या त्याच्या आठ आठवड्यांच्या मूळ कोर्समध्ये आठवड्याला अडीच तासांचं एक सत्र, मध्ये एक पूर्ण दिवस आणि आठवड्यातून सहा दिवस घरी पाऊण तास सराव असतो. सत्रं कशीबशी जमवता येतात, अडतं ते घरच्या सरावाशी. कापूस वेचायला सकाळीच निघणारी बाई तो पाऊण तास कुठून काढणार? घ्यायचाच तर वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत घ्या. पुढे ऊन आणि मग पेरणी. याच साच्यावर नैराश्यासाठी बेतलेला कोर्स आहे, पण तो मुळात आजार परतू नये म्हणून. २००० सालच्या चाचणीत तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आलेल्यांना त्याचा फायदा झाला, दोनदाच आलेल्यांना दिसला नाही. म्हणजे पहिल्यांदाच खचलेल्या शेतकऱ्यासाठी हे पहिलं औषध नव्हे.

विपश्यना शिबिराला फी नाही, नागपूरला केंद्र आहे, आणि १९५६ नंतरच्या बौद्ध वस्त्यांत आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणं, नवखं नाही. पण तो उपचार नाही. येण्याजाण्यासह बारा दिवसांची मजुरी बुडते, बोलणं बंद असतं. तीव्र नैराश्य, भास-भ्रम किंवा दारू नुकतीच सुटलेली असेल तर तिथे पाठवू नका. अर्जात आजार लपवणं आणि शिबिरासाठी गोळ्या थांबवणं, दोन्ही घातक.

आमचा कल तिसऱ्या वाटेकडे आहे: बचत गटाच्या बैठकीला जोडून वीस मिनिटं, आणि सोबत समुपदेशन. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेला ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प माइंडफुलनेसचा नव्हता. पण गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्या ‘टेन्शन’बद्दल बोलू लागल्यावर नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. त्यावरूनच आम्ही बाहेरच्या प्रशिक्षकापेक्षा गावातली कार्यकर्ती निवडू.

आठ-दहा जणी पुरेत. भिंतीला टेकून, डोळे अर्धे उघडे. दोन मिनिटं तळव्यांना जमीन कशी लागते ते पाहायचं, पाच मिनिटं श्वास एक ते दहा मोजायचा, चुकलं की पुन्हा एकपासून. पाच मिनिटं अंगणात सावकाश चालायचं, उरलेला वेळ बोलायला. घरी वेगळी बैठक नको, चहा उकळेपर्यंत दहा श्वास एवढंच. मूळ कोर्समध्ये एक मनुका सावकाश, लक्ष देऊन खायचा सराव असतो, त्याच्या जागी भाजलेला हरभरा चालतो. झोपून एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचा शरीरफेरीचा सराव मात्र सोडा. चारचौघांत बाया आडव्या होत नाहीत, आणि झाल्याच तर थकव्याने झोपतात. श्वासावर लक्ष दिल्यावर एखादीचा “जीव घाबरते” असं झालं तर रेटू नका, लक्ष तळव्यांकडे किंवा बाहेरच्या आवाजाकडे वळवा.

जागेवरून गट फुटतो. विहारात घेतलं तर एक वस्ती येत नाही, हनुमान मंदिरात घेतलं तर दुसरी. अंगणवाडी किंवा जिल्हा परिषद शाळा बरी, आणि ओंकार, घंटा, उदबत्ती काहीच नको. गुरुदेव सेवा मंडळाचं सामुदायिक ध्यान चालतं त्या गावात बसायची सवय आयती मिळते, पण त्या वेळेला जोडलं तर ठरलेलेच चेहरे दिसतात. पुरुषांसाठी संध्याकाळचा पार वेगळा धरा. पिऊन आलेल्याला त्या दिवशी बसवू नका.

सुरुवातीला प्रत्येकीची पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वाचून भरून घ्या. दहा किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे पाठवा, गट सोबत चालू दे. नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याचा आहे. त्यावर शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं की त्या दिवशी सराव बाजूला. तिला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला लावा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर तिथूनच फोन लावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.